अवेळी वादळ आणि तापी खोऱ्यातली आगगाडी

पावसाला वेळ असते ही गोष्ट खानदेशात शेतकऱ्याला जशी ठाऊक आहे, तशीच ती रेल्वेलाही ठाऊक आहे. शेतकरी रोहिणीत नांगरट आवरतो, मृगाकडे डोळे लावतो, आणि हस्त, चित्रा, स्वाती सरल्या की खळ्याच्या तयारीला लागतो. रेल्वेही तेच करते. तिचे पंचांग छापील आणि सरकारी, एवढाच काय तो फरक! मृगाच्या आधी मोऱ्या उपसल्या जातात, गटारे साफ होतात. भराव खचलाच तर हाताशी असावेत म्हणून दगडगोटे भरून ठेवतात. पाऊस सुरू झाला, की रात्रीची गस्त सुरू होते. हातात दिवा आणि खिशात फटाके घेऊन गस्तवाला दोन ठाण्यांमधला रूळ पायाखाली घालतो. रूळ उखडलेला दिसला, तर येणाऱ्या गाडीला थांबवण्यासाठी ते फटाके तो रुळावर बांधतो. पुलाच्या खांबावर धोक्याची पातळी रंगवलेली असते आणि पाणी कुठवर चढले ते पाहायला माणूस बसवलेला असतो. ही सारी व्यवस्था पावसाळ्यापुरती. पावसाळा संपला की दिवा खुंटीला लागतो.

आता प्रश्न असा, की दिवा खुंटीला लागल्यावर वादळ आले तर? नंदुरबार जिल्ह्यातून जाणाऱ्या आगगाडीच्या रस्त्याचा इतिहास आपण आज या एका प्रश्नाच्या उजेडात पाहू.

हा रस्ता मुळात 'ताप्ती व्हॅली रेल्वे' नावाच्या कंपनीचा. सुरतेहून निघून बारडोली, व्यारा, सोनगडमार्गे तो नवापूरला आपल्या मुलखात शिरतो. तिथून चिंचपाडा, खांडबारा करीत नंदुरबार, पुढे दोंडाईचा, शिंदखेडे आणि अमळनेर. एकोणिसावे शतक संपता संपता त्याचे काम झाले आणि १९०० च्या सुमारास सुरत ते अमळनेर असा दीडशेहून अधिक मैलांचा मार्ग तयार झाला. योगायोग पाहा. तीच वर्षे मोठ्या दुष्काळाची. शेजारच्या गुजरातेत त्याला 'छप्पनिया' म्हणतात, कारण ते विक्रम संवत १९५६ चे साल होते. खानदेशही त्या दुष्काळात होरपळला. म्हणजे पाण्यासाठी माणसे दाही दिशा फिरत असताना हा रूळ टाकला गेला, आणि पुढे त्याच रुळाला पाण्याचीच धास्ती घ्यावी लागली.

१९४२ मध्ये हा मार्ग सरकारने विकत घेतला. १९५१ मध्ये पश्चिम रेल्वे स्थापन झाली, तेव्हा तो तिच्यात आला. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले आणि नवापूरच्या स्टेशनातून राज्याची सीमा गेली. तिथे फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात, दुसरा गुजरातेत. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा निघाला. पुढे उधना ते जळगाव या ३०६ किलोमीटरांचे दुहेरीकरण झाले, वर विजेची तार आली, आणि २०१८ मध्ये ते काम पुरे झाले. कोळशाचे इंजिन, मग डिझेल, आता वीज. वादळाचा विचार करताना हा क्रम ध्यानात ठेवायचा आहे. वादळ तेच असले, तरी ज्या गोष्टीवर ते आदळते ती गोष्ट बदलत गेली.

आधी वादळ येते कुठून ते पाहू. आपल्या उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सह्याद्रीच्या सुटलेल्या डोंगररांगा, आणि मधून तापी पश्चिमेकडे उतरत समुद्राला मिळते. हे खोरे समुद्राच्या बाजूला उघडे आहे. अरबी समुद्रात चक्रीवादळांचे दोन हंगाम असतात. एक पावसाळ्याच्या तोंडाशी, मे-जूनमध्ये, आणि दुसरा पावसाळ्यानंतर, ऑक्टोबर ते डिसेंबर. ऐन पावसाळ्यात ती कमी होतात, कारण त्या वेळी खालचे आणि वरचे वारे इतक्या वेगवेगळ्या गतीने वाहतात, की वादळाचा उभा खांब टिकतच नाही. म्हणजे समुद्र सर्वांत खोडसाळ असतो तो नेमका आपण निर्धास्त असतो तेव्हा! याशिवाय हिवाळ्यात वायव्येकडून थंड हवेचे झोत येतात. समुद्रावरची ओल त्यांना भेटली, की गारा पडतात. आणि चैत्र-वैशाखात जमीन तापून उठणारी वावटळ आणि वळीव तर आपल्या पाचवीलाच पुजलेले.

कोळशाच्या इंजिनाच्या काळी असे अवेळी वादळ आले, की त्याचा मार प्रथम तारायंत्राच्या खांबांवर बसे. एकेरी मार्गाची रीत अशी, की पुढच्या स्टेशनाने 'लाइन क्लिअर' दिल्याखेरीज गाडी सोडायची नाही. तार तुटली म्हणजे दोन स्टेशन मास्तर एकमेकांना मुके झाले. मग कागदी परवाना देऊन, शिटी वाजवत, डोळ्यांत तेल घालून गाडी हळूहळू पुढे न्यायची.

दुसरा मार भरावावर. आपली जमीन काळी, कपाशीची. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात. पावसाळ्यात पाणी हळूहळू मुरते, माती फुगते आणि भेगा मिटतात. वळवाचा पाऊस मात्र तासाभरात कोसळतो. तो भेगांतून थेट पोटात शिरतो आणि वरून कोरडा दिसणारा भराव आतून लोणी होतो. त्यात मोरी अजून उपसलेली नसते. पालापाचोळा, कपाशीच्या पऱ्हाट्या, तुटलेल्या फांद्या तिच्या तोंडाशी साचलेल्या असतात. पाण्याला वाट मिळाली नाही, तर ते स्वतःची वाट करते. उन्हाळ्यातही रुळावर गस्त असते, पण ती भर दुपारची. उन्हाने रूळ लांबून वाकडा झाला का, हे ती पाहते. रात्री मोरी तुंबली का, हे पाहणे तिच्या कामात नाही.

आता काही घडलेल्या गोष्टी. १९४८ च्या नोव्हेंबरात, दिवाळी होऊन तीन आठवडे उलटल्यावर, २१ आणि २२ तारखेला मुंबईवर चक्रीवादळ आले. पाऊस संपला अशा समजुतीत असलेल्या शहराचे दळणवळण त्याने विस्कटून टाकले. जोराचा वारा किती घातक होतो, याचा देशाला कायमचा आठवणीत राहिलेला दाखला मात्र दक्षिणेतला आहे. २२ डिसेंबर १९६४ च्या रात्री पांबनहून धनुष्कोडीला निघालेली पॅसेंजर गाडी समुद्राच्या लाटेने गिळली. शंभराहून अधिक माणसे गेली, एकही वाचला नाही. तिकडे डिसेंबर हा पावसाचाच काळ, तेव्हा त्या वादळाला अवकाळी म्हणता येणार नाही. पण वाऱ्याने संपर्क तुटला, म्हणजे पुढे काय वाढून ठेवले आहे हे गाडीला कळत नाही, हा धडा सगळीकडे सारखाच लागू पडतो.

त्या आधीचा एक धडा स्कॉटलंडमधला. २८ डिसेंबर १८७९ रोजी टे नदीवरचा पूल वादळात गाडीसकट कोसळला. चौकशीत निघाले, की पूल बांधताना वाऱ्याच्या दाबाचा हिशेबच धरला नव्हता! तेव्हापासून पुलाच्या हिशेबात वारा आला. आज पांबनच्या पुलावर वारा मोजणारे यंत्र आहे. आपल्या कोकण रेल्वेवर रत्नागिरीजवळच्या पानवल पुलावर, गोव्यात मांडवी आणि झुआरी नद्यांवर तशीच यंत्रे आहेत. वारा ठरावीक वेगापुढे गेला, की गाडी थांबवतात.

अलीकडच्या काळात हवामान खात्याचे काम फार सुधारले. हे खाते १८७५ मध्ये स्थापन झाले. जोराच्या पावसाची आणि वाऱ्याची सूचना रेल्वेला आधी द्यायची, ही व्यवस्था पूर्वी तारेने चाले. आता उपग्रह आणि रडार आहेत. २०१७ च्या डिसेंबरात 'ओखी' नावाचे वादळ केरळ आणि लक्षद्वीपकडून थेट सुरतेच्या दिशेने निघाले. किनाऱ्याजवळ ते विरले, पण ५ डिसेंबरला मुंबईत पावसाने चिखल केला. दुसऱ्या दिवशी बाबासाहेबांचा महापरिनिर्वाण दिन. आगगाड्यांतून दादरला आलेल्या लोकांची सोय शिवाजी पार्कच्या मंडपांऐवजी शाळांमध्ये करावी लागली. ३ जून २०२० रोजी, मृग लागायला चार-पाच दिवस असताना, 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्यावर चढले आणि नाशिकच्या बाजूला सरकले. मुंबईहून सुटणाऱ्या काही गाड्यांच्या वेळा त्या दिवशी आधीच बदलल्या होत्या. १७ मे २०२१ रोजी 'तौक्ते' सौराष्ट्राला धडकले, तेव्हाही तिकडच्या गाड्या अगोदरच रद्द केल्या होत्या. १९६४ ची गाडी काळोखात गेली. २०२१ ची गाडी स्टेशनात थांबली. मधल्या सत्तावन्न वर्षांची ही कमाई आहे, आणि ती लहान नव्हे.

मग आता काळजी सरली का? नाही सरली. समुद्रातले चक्रीवादळ चार दिवस आधी दिसते. आपल्याकडचा वळीव, गारपीट, धुळीचे वादळ मात्र घटका दोन घटकांत उभे राहते. जिल्ह्याला इशारा मिळतो, पण कोणत्या शिवारात झाड पडेल, हे कोणतेही यंत्र सांगत नाही. १३ मे २०२४ ची मुंबईची गोष्ट आठवा. दुपारी धुळीचे वादळ उठले. घाटकोपरला जाहिरातीचा प्रचंड फलक कोसळून सतरा माणसे गेली. त्याच वाऱ्याने ठाणे आणि मुलुंडच्या दरम्यान विजेच्या तारेचा खांब वाकला आणि मध्य रेल्वेच्या लोकल अडकून पडल्या. मेट्रोच्या तारेवर एक फलक उडून पडला, तर तीही थांबली.

यातली मेख अशी, की कोळशाच्या इंजिनाला वरून कशाचीच गरज नव्हती. रूळ शाबूत, तर गाडी चालू. विजेच्या गाडीचा जीव वरच्या तारेत आहे. खाली रूळ धडधाकट असले, तरी वर एक फांदी, एक पत्रा किंवा प्लॅस्टिकचा एक कागद अडकला, की मार्ग बंद पडू शकतो. विजेने वेग दिला, माल वाढला, धूर गेला. पण वाऱ्यापुढे रेल्वे पूर्वीपेक्षा नाजूक झाली, हेही तितकेच खरे.

आणि गाडी थांबली म्हणजे नंदुरबारात काय थांबते? दिवाळीनंतर अक्कलकुवा, धडगाव, तळोदे या भागातली कुटुंबेच्या कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात. कोणी ट्रकने, कोणी आगगाडीने. फलाटावर लेकरे घेऊन बसलेल्या मजुराचा दिवस वाया गेला, तर तो भरून देणारे कोणी नसते. त्याच दिवसांत नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्या लाल झालेल्या असतात. ओली मिरची उघड्या रानात वाळत पडलेली. २६ नोव्हेंबर २०२३ रोजी उत्तर महाराष्ट्रात आणि गुजरातेत असाच अवेळी पाऊस आणि गारा आल्या. गुजरातेत विजा पडून वीसहून अधिक माणसे दगावली. अशा पावसात भिजलेली मिरची काळी पडते आणि तिचा भाव पडतो. म्हणजे ज्या वाऱ्याने रेल्वेची तार तुटते, त्याच वाऱ्याने शेतकऱ्याचे ताडपत्रीचे आच्छादन उडते, आणि ते उडून कदाचित त्याच तारेवर जाऊन बसते. रेल्वेचे नुकसान आणि गावाचे नुकसान असे एकाच दोरीत बांधलेले आहे.

म्हणून या इतिहासातून घ्यायचे ते एवढेच. अवेळी वादळ घाव घालते ते आपली राखण उठलेली असते तेव्हा. त्याचा जोर आपल्याला कमी करता येत नाही. राखण मात्र वाढवता येते, आणि ती एकट्या रेल्वेने करण्यासारखी नाही.

रुळाकाठच्या शेतकरी मंडळींनी मिरचीचे, कांद्याचे आच्छादन दोरीने, दगडाने पक्के बांधावे. घराचे आणि गोठ्याचे पत्रे आवळावेत. वठलेले झाड रुळावर झुकले असेल, तर स्टेशनावर कळवावे. पऱ्हाट्या मोरीच्या तोंडाशी टाकू नयेत. वादळानंतर रुळावर झाड, खचलेली खडी किंवा लोंबती तार दिसली, तर फाटकवाल्याला किंवा स्टेशन मास्तरांना तातडीने सांगावे, नाहीतर १३९ या क्रमांकावर फोन करावा. तारेजवळ मात्र कोणी जाऊ नये. तिच्यात पंचवीस हजार व्होल्ट खेळत असतात, आणि तुटून पडलेली तारही जिवंत असू शकते.

शाळेतल्या गुरुजींना आणि बाईंना एक विनंती. पर्जन्यमापकाची नोंद चार महिने ठेवून वही बंद करू नका. बाराही महिने ठेवा. कोणत्या तारखेला अवेळी पाऊस आला, वारा कोणत्या दिशेचा होता, गारा केवढ्या होत्या, गावाजवळची गाडी किती वेळ थांबली, हे मुलांच्या हाताने लिहून घ्या. मोठ्या शहरांच्या वादळांची नोंद वर्तमानपत्रे ठेवतात. खांडबाऱ्याच्या आणि चिंचपाड्याच्या वादळांची नोंद तुमच्या शाळेने ठेवली नाही, तर ती कोणीच ठेवणार नाही. दहा वर्षांची अशी वही भरली, म्हणजे कोणत्या महिन्यात कुठल्या मोरीवर माणूस बसवायचा हे रेल्वेलाही सांगता येईल, आणि पथारी कधी आवरायची हे शेतकऱ्यालाही.