स्नोमोबाइलला नवे शॉक बसवताय? आधी स्प्रिंग तपासा

गुलमर्गला गेलेल्या पर्यटकांनी बर्फावर धावणारी स्नोमोबाइल पाहिलेली असते. तिथे ती भाड्याची. पण अमेरिकेतलं मिनेसोटा, मिशिगन किंवा कॅनडातलं क्यूबेक इथे ती अनेकांच्या घरची गाडी आहे. हंगामात वर्दळीच्या वाटांवर बर्फाचे कडक उंचवटे तयार होतात आणि तासन्‌तास त्यावर आदळून कंबर बोलायला लागते. मग विचार सुरू होतो बाजारातून भारीतले शॉक ॲब्सॉर्बर आणून बसवण्याचा.

शॉक नेमकं काय करतो?

बहुतेक गाड्यांना चार शॉक असतात. दोन पुढच्या स्कींना, दोन पट्ट्याच्या आत. वजन पेलते ती स्प्रिंग. शॉकमधलं तेल फक्त तिची हालचाल आवरतं. गोंधळ इथेच होतो. अनेक गाड्यांत मागचं वजन पिळाच्या वेगळ्या स्प्रिंगवर असतं. ती मऊ असेल तर महागडा शॉक लावूनही गाडी मागे बसलेलीच राहणार.

म्हणून आधी मोजमाप. गाडीचा मागचा भाग उचलून सस्पेन्शन पूर्ण सैल करा आणि बंपरची जमिनीपासूनची उंची मोजा. मग हेल्मेट, बूट, जाकीट असा पूर्ण पोशाख घालून बसा आणि पुन्हा मोजा. सस्पेन्शन जितकं हलू शकतं, त्याच्या साधारण पाव ते एक तृतीयांश इतकं ते दबायला हवं. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहा. प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगला आधीच दिलेला ताण, शेवटपर्यंत वाढवूनही गाडी जास्तच दबत असेल तर स्प्रिंग बदला. ते शॉकपेक्षा बरंच स्वस्त पडतं.

कोणता घ्यायचा?

डोंगरातल्या खोल भुसभुशीत बर्फात वजन कमी हवं, म्हणून तिथे स्प्रिंगऐवजी हवेवर चालणारे शॉक आवडते. खडबडीत वाटांवर तेल तापून पातळ होतं आणि शॉक ढिला पडतो. तिथे वेगळी टाकी असलेला शॉक बरा. दोन्हीकडे खोलून दुरुस्त करता येणाराच घ्यावा. दुसऱ्याचा वापरलेला घेताना जपून, कारण तो त्याच्या वजनाला जुळवलेला असतो.

हवेच्या शॉकची एक गंमत म्हणजे थंडी. 20 अंशांच्या गॅरेजमध्ये 70 पीएसआय भरलेला दाब उणे 20 अंशांत 58 च्या आसपास येतो. म्हणून गाडी बाहेर गार झाल्यावरच, चाक-पट्टा अधांतरी ठेवून दाब तपासायचा.

जुळवणी

कम्प्रेशन म्हणजे दबतानाचा विरोध, रिबाउंड म्हणजे परत उसळतानाचा. बटण हलक्या हाताने पूर्ण बंद करा, तिथून उलट फिरवत क्लिक मोजा आणि लिहून ठेवा. एका वेळी एकच बदल, दोन क्लिकचा, आणि चाचणी त्याच वाटेवर. गाडी उंचवट्यानंतर उडवत असेल तर रिबाउंड वाढवा. लागोपाठच्या उंचवट्यांवर ती खाली दबत जात असेल तर कमी करा. वळणावर स्की घसरत असतील तर पट्ट्यातल्या पुढच्या शॉकचा प्रीलोड थोडा कमी केल्यास स्कींवर भार येतो. मात्र फार कमी केला तर हँडल जड होतं.

तेल आणि सील हंगाम संपल्यावर बदलून घ्यावेत. बऱ्याच शॉकमध्ये दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो, त्यामुळे ते घरी खोलायचे नाहीत. हे काम कारागिराचंच.