संपाचा शेवट सांगणारी क्रियापदे

इंग्रजी भाषेची एक खोड अशी आहे की, एखादे साधे क्रियापद घ्यावे, त्याच्यामागून एक इवलेसे अव्यय जोडावे, आणि त्या जोडीतून मूळ शब्दांशी जेमतेम नाते राहिलेला तिसराच अर्थ उत्पन्न करावा. ‘कॉल’ म्हणजे बोलावणे, ‘ऑफ’ म्हणजे दूर. परंतु ‘कॉल ऑफ’ म्हणजे योजिलेली किंवा आरंभिलेली गोष्ट रद्द करणे. पाठलागावर सोडलेल्या कुत्र्यांना धन्याने हाक मारून परत बोलवावे, त्यालाही इंग्रजीत हाच प्रयोग आहे. लग्न असो, सामना असो, शोध असो की कामगारांचा संप असो, इंग्रज मनुष्य या एका जोडीवर सर्वांची बोळवण करतो. मराठीत मात्र लग्न मोडते, सामना रद्द होतो, शोध थांबतो. आणि संपाच्या बाबतीत तर मुंबईच्या गिरणगावाने एकाच्या जागी चार क्रियापदे रूढ करून ठेवली आहेत. ही केवळ शब्दांची श्रीमंती नव्हे. परळ, लालबाग, भायखळा आणि वरळी येथील शंभर वर्षांचा अनुभव त्या चार क्रियापदांत साठला आहे, आणि तो उलगडून पाहिल्यास एका मोठ्या ऐतिहासिक प्रश्नावरही थोडा प्रकाश पडतो.

प्रथम मूळ नामाकडे पाहू. ‘संप’ या शब्दाचा गुजरातीतील अर्थ आजही ऐक्य, सलोखा असा आहे. काम थांबविण्याच्या कृतीला मराठीने जे नाव दिले ते अशा रीतीने एकजुटीचे नाव आहे. काम बंद पडणे हे तिचे केवळ फळ. ‘हरताळ’ शब्दाची घडण याहून वेगळी. हाट म्हणजे बाजार, आणि त्याला लावलेले टाळे तो हरताळ. (पोथीतील चुकलेल्या अक्षरावर फासण्याचा पिवळा हरताळ हा निराळा शब्द, दोघांची गल्लत होऊ देऊ नये.) हरताळ करावा दुकानदाराने, कारण टाळे त्याच्या मालकीचे असते. गिरणीच्या दरवाजाचे टाळे मालकाचे. ते मालकाने लावले म्हणजे तिला ‘टाळेबंदी’ म्हणावयाचे. कामगाराजवळ टाळे नाही. त्याच्याजवळ एकजूट तेवढी आहे, आणि म्हणून त्याचे शस्त्र ‘संप’ हेच. १८९० साली मुंबईच्या नाभिकांनी विधवांचे केशवपन न करण्याचा जो निश्चय केला, त्यालाही आपण संपच म्हणतो. त्यामागे प्रेरणा होती ती १८८४ साली गिरणी कामगारांची पहिली संघटना उभारणाऱ्या नारायण मेघाजी लोखंडे यांची.

आता शेवट सांगणारी क्रियापदे. संप ‘मागे घेतला’ असे म्हटले की कर्ता नेता ठरतो. ज्याने बाण सोडला त्यानेच तो परत भात्यात घातला. संप ‘मिटला’ म्हटले की दोन पक्ष डोळ्यांपुढे येतात आणि त्यांच्यामध्ये तडजोडीचा कागद. संप ‘मोडला’ म्हटले की बाहेरून आलेल्या बळाची सूचना मिळते. मग ते बळ मालकाचे असो, सरकारचे असो वा भुकेचे असो. आणि संप ‘फुटला’ म्हटले की तडा आतून गेला असा आरोप त्यात गर्भित असतो. इंग्रजीतील ‘कॉल ऑफ’ला यांपैकी पहिलाच अर्थ नेमका झेपतो. उरलेल्या तिहींसाठी त्या भाषेला दुसऱ्या जोड्या शोधाव्या लागतात.

मुंबईच्या इतिहासात या चारांचीही उदाहरणे सापडतात, आणि चारांत न मावणारीही. १९०८ च्या जुलै महिन्यात लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. तो मागे घेतला गेला नाही, मिटला नाही आणि मोडलाही नाही. तो व्रतासारखा ‘पुरा झाला’. १९२५ चा संप साडेअकरा टक्के वेतनकपातीविरुद्ध होता. सरकारने कापडावरील साडेतीन टक्क्यांची जकात तहकूब केली, मालकांनी कपात रद्द केली, आणि कामगारांनी तो संप ‘जिंकला’. १९२८ च्या एप्रिलात सुरू झालेला दीड लाखांवर कामगारांचा प्रचंड संप सुमारे सहा महिन्यांनी, ऑक्टोबरात, वाटाघाटींनंतर ‘मिटला’ आणि तंट्याचा विचार फॉसेट समितीकडे सोपविण्यात आला. मिटणे या क्रियापदाचा स्वभाव येथे ध्यानात घेण्याजोगा आहे. डोळे मिटतात, पुस्तक मिटते, कमळ मिटते. मिटलेली वस्तू नाहीशी होत नाही, ती पुन्हा उघडते. १९२८ चा तंटा तसाच १९२९ च्या एप्रिलात पुन्हा उघडला. परंतु त्यापूर्वीच, २० मार्च रोजी, डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर प्रभृती पुढाऱ्यांना मीरत खटल्यासाठी पकडून नेण्यात आले होते, आणि तो दुसरा संप काही महिन्यांत ‘मोडला’.

तो मोडला की फुटला, यावर मात्र वाद झाला, आणि तो वाद केवळ शब्दांचा नव्हता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२९ च्या संपास विरोध केला होता. पाठोपाठच्या संपांनी गरिबातला गरीब कामगार प्रथम होरपळतो, हे त्यांचे म्हणणे. त्यांना संपफोडे म्हणणाऱ्यांनी एका गोष्टीचा विचार करावयास हवा होता. कापडखात्यात, म्हणजे जेथे वेतन अधिक तेथे, अस्पृश्य कामगारास प्रवेश नव्हता. कारण धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे आणि त्याच्या स्पर्शाचा इतरांना विटाळ होई. संप म्हणजे ऐक्य, हा मूळ अर्थ खरा धरला तर ज्या ऐक्यात आरंभापासूनच एक भेग होती, ते कोणी नंतर फोडले असे म्हणणे न्यायाचे नाही. हेच आंबेडकर ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, औद्योगिक तंट्यांच्या विधेयकाविरुद्ध झालेल्या एक दिवसाच्या संपात, साम्यवादी पुढाऱ्यांच्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले.

आता त्या मोठ्या प्रश्नाकडे येऊ. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. हा संप कसा संपला? तो मागे घेतल्याची घोषणा कधी झालीच नाही, असे गिरणगावात आजही सांगतात. तो मिटण्याचा मार्ग तर कायद्यानेच अडविला होता: १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्यान्वये मालकांशी करार करण्याचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त संघटनेस, म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघास होता, आणि कामगारांचा राग मालकांइतकाच त्या संघटनेवरही होता. ज्यांनी संप केला त्यांना सही करण्याचा हक्क नाही, आणि ज्यांना सहीचा हक्क त्यांचा संप नाही, अशा स्थितीत ‘मिटणे’ या क्रियापदाला लागणारा दुसरा पक्षच उरला नाही. तो फुटला म्हणावे तर काही कामगार परतले हे खरे. परंतु लाखो माणसे वर्षभराहून अधिक काळ कोकणात, घाटावर, गावच्या शेतावर कशीबशी दिवस काढीत राहिली, त्यांच्यावर तो आरोप कोण करील? १९८३ साली सरकारने तेरा गिरण्यांचे व्यवस्थापन आपल्याकडे घेतले. बाकीच्यांतील अनेक हळूहळू कायमच्या थंडावल्या. १९९१ नंतर नव्या नियमांनी त्यांच्या जमिनी विकासाला मोकळ्या झाल्या, आणि लोअर परळच्या फिनिक्स गिरणीच्या आवारात आलिशान दुकाने उभी राहिली.

शेवट सांगणारे क्रियापद निवडणे म्हणजे जबाबदारी कोणाच्या तरी नावे लिहिणे होय. ‘मागे घेतला’ म्हटले तर नेता उत्तरदायी, ‘फुटला’ म्हटले तर कामगार, ‘मोडला’ म्हटले तर मालक आणि सरकार. इतिहास लिहिणाराने यांतील एक शब्द सवयीने उचलला की निवाडा त्याच्या नकळत होऊन जातो. १९८२ च्या संपापुरते बोलावयाचे तर माझ्या मते ‘मोडला’ हेच सत्याच्या सर्वांत जवळचे आहे. मात्र त्यात एक भर घालावी लागते. पूर्वीचे संप मोडले तेव्हा कामगार मान खाली घालून का होईना, त्याच दरवाजातून आत गेला आणि पुढच्या संपाची उमेद त्याने मनात जपून ठेवली. या वेळी संपाबरोबर दरवाजाही गेला. चारी क्रियापदांनी एक गोष्ट गृहीत धरली होती की, भोंगा उद्या पुन्हा वाजेल. तो वाजेनासा झाल्यावर काय म्हणावे, यासाठी गिरणगावाने शब्द घडविला नव्हता. कारण तशी वेळ येईल असे तेथे कोणाच्या मनातही नव्हते.