युद्धाची भाषा आणि सोन्याचा कायदा

इंदूरच्या राजवाड्याजवळील सराफा आज रात्रीच्या खाद्यपदार्थांमुळे सर्वत्र ख्यात झाला असला, तरी दिवसा तो सोन्याचांदीचीच पेठ आहे. अशा पेठांवर १९६३ च्या जानेवारीत जो प्रसंग ओढवला, त्याचा विचार आम्हांस येथे एका विशिष्ट दृष्टीने करावयाचा आहे. युद्धाच्या भाषेआड घरचा प्रश्न कसा झाकला जातो, हे त्यातून स्पष्ट दिसते.

२० ऑक्टोबर १९६२ रोजी चीनचे आक्रमण झाले आणि २६ तारखेस आणीबाणी घोषित झाली. राष्ट्रीय संरक्षण निधीसाठी स्त्रियांनी अंगावरचे दागिने उतरवून दिले. त्या त्यागाविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु २१ नोव्हेंबरला युद्ध थांबले, आणि त्यानंतर सात आठवड्यांनी अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी सुवर्णनियंत्रण जाहीर केले. चौदा कॅरटांहून अधिक शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडविण्यास बंदी झाली. हे नियम भारत संरक्षण नियमांचाच एक भाग म्हणून आले, हे विसरता कामा नये.

वस्तुतः प्रश्न जुना होता. परकीय चलनाची टंचाई १९५७ पासूनच जाणवत होती. देशातील सोन्याचा भाव आंतरराष्ट्रीय भावाहून पुष्कळ चढा असल्यामुळे चोरटी आयातही फोफावली होती. यावर उपाय हवा होता, हे निर्विवाद होय. मोरारजींच्या हेतूविषयीही आम्हांस शंका नाही. मात्र सोन्याचा मोह सोडणे हेच देशकार्य, असे व्यासपीठावरून एकदा ठरले, की बावीस कॅरटांची रीत असलेल्या समाजात चौदा कॅरटांचा डाग कोण घेईल आणि सोनाराने पोट कशावर भरावे, हे प्रश्न विचारणाराच स्वार्थी ठरू लागतो. धोरणाची चिकित्सा व्हावयाची, तेथे निष्ठेची परीक्षा सुरू होते. भांडवल असलेला सराफ तग धरू शकला; घडणावळीवर जगणारा कारागीर मात्र देशोधडीला लागला.

हे केवळ आपल्याकडेच घडले असे नव्हे. अमेरिकेत १९३३ साली अध्यक्ष रूझवेल्ट यांनी आर्थिक मंदीशी लढण्यासाठी परचक्रसमयीचे अधिकार मागण्याची भाषा केली, आणि पुढील महिन्यात १९१७ च्या युद्धकालीन कायद्याच्या आधारे नागरिकांचे सोने सरकारजमा करविले. तेथील बंदी १९७४ अखेर उठली.

आपल्याकडे चौदा कॅरटांची अट १९६६ मध्ये रद्द झाली. आणीबाणी १९६८ च्या जानेवारीत संपली. तरीही त्याच वर्षी सुवर्णनियंत्रणाचा स्वतंत्र कायदा झाला आणि तो १९९० पर्यंत टिकला. एक महिन्याचे युद्ध आणि सत्तावीस वर्षांचे नियंत्रण, हे प्रमाणच पुरेसे बोलके आहे.

म्हणून इतिहासाच्या अध्यापकांनी १९६२ शिकविताना रणांगणाबरोबर सोनाराच्या भट्टीकडेही विद्यार्थ्यांचे लक्ष वेधावे, असे आम्हांस वाटते. शत्रू दाराशी असताना शासनाने त्याग मागणे योग्यच. पण त्या त्यागाचा भार कोणावर पडतो आणि तो किती काळ वाहावयाचा, हे विचारण्याचा अधिकार नागरिकाने युद्धकाळातही सोडू नये.