बाहूचें मोल
डॉजर्स संघाच्या गोलंदाजांची कथा

चेंडूफळीचा खेळ आपल्या घरोघरच्या मुलांच्या परिचयाचा आहे. परंतु त्याचा अमेरिकेंतील चुलतभाऊ जो बेसबॉल, त्याविषयीं आपल्याकडे थोडकीच माहिती असते. या खेळांत गोलंदाज ६० फूट ६ इंच अंतरावरून फलंदाजाकडे चेंडू फेंकतो, आणि तो टप्पा न घेतां येतो. फलंदाजाचा फटका हुकला, किंवा आटोक्यांतला चेंडू त्यानें सोडून दिला, तर तो एक 'स्ट्राइक'. असे तीन झाले कीं तो बाद. इतर रीतींनीं बाद करण्यास मैदानावरील सहकाऱ्यांचें साह्य लागतें. हा 'स्ट्राइक-आउट'चा बळी मात्र बहुतांशीं एकट्या गोलंदाजाच्या बाहूचा असतो, आणि म्हणूनच प्रेक्षकांस त्याचें विलक्षण वेड. हा बाहु किती दिवस पुरतो, हा प्रश्न त्या वेडांत सहसा कोणी विचारीत नाहीं. डॉजर्स या एका संघाचा इतिहास पाहिला, तर तो टाळतां येत नाहीं.

हा संघ मूळचा न्यूयॉर्क शहरांतील ब्रुक्लिनचा. १९२२ सालीं डॅझी व्हान्स तेथें स्थिरावला, तेव्हां त्याचें वय ३१ वर्षांचें होतें. तोंपर्यंतचीं बरींच वर्षें दुखऱ्या हातामुळें दुय्यम संघांतून भटकण्यांत गेलीं होतीं. पुढें कोपरावर शस्त्रक्रिया झाली आणि चेंडूचा वेग परत आला, असें सांगतात. १९२२ पासून १९२८ पर्यंत सलग ७ वर्षें नॅशनल लीगमधील सर्वाधिक बळी त्याचेच. १९२४ सालीं त्यानें २६२ बळी घेतले, २८ सामने जिंकले आणि अवघे ६ गमावले. आंतल्या सदऱ्याची उजवी बाही तो फाडून तिच्या चिंध्या करीत असे. त्या फडफडीमुळें चेंडू हातांतून केव्हां सुटला हें फलंदाजास उमगत नसे. तरुणपण वाया गेलेल्या माणसाला दैवानें उशिरा कां होईना, व्याजासह परतफेड केली.

सँडी कोफॅक्सची गोष्ट याच्या उलट आहे. ब्रुक्लिनचाच हा ज्यू तरुण १९५५ सालीं, एकोणिसाव्या वर्षीं, संघांत आला. डाव्या हातांत वेग अफाट, पण ताबा मुळींच नाहीं. १९५८ सालीं संघ लॉस एंजेलिसला गेला; तरी १९६० अखेर त्याचे विजय ३६ आणि पराभव ४० असाच हिशेब होता. १९६१ च्या वसंतांत यष्टिरक्षक नॉर्म शेरी यानें त्याला सुचविलें कीं, सारें बळ खर्चूं नकोस, थोडें आवरून फेंक. सल्ला साधा होता, परंतु फळ मोठें आलें. त्याच वर्षीं २६९ बळी घेऊन त्यानें क्रिस्टी मॅथ्यूसनचा १९०३ सालचा लीगमधील २६७ चा विक्रम मोडला. १९६५ सालीं बळींची संख्या ३८२ झाली. त्याच वर्षीं जगज्जेतेपदाच्या मालिकेंतील पहिला सामना योम किप्पूर या पवित्र दिवशीं आला, म्हणून तो खेळला नाहीं. आणि शेवटचा, सातवा सामना मात्र केवळ दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर खेळून त्यानें जिंकून दिला.

या यशाच्या मागें काय चाललें होतें? डाव्या कोपरांत संधिवात शिरला होता. सामन्यापूर्वीं जळजळीत मलम, मधून मधून इंजेक्शनें, सामन्यानंतर बर्फाच्या पाण्यांत बुडविलेला हात, असा त्याचा नित्यक्रम होता. १९६६ सालीं २७ विजय आणि ३१७ बळी मिळविल्यावर, कीर्तीच्या शिखरावर असतांना, वयाच्या तिसाव्या वर्षीं त्यानें खेळ सोडला. पुढील सारें आयुष्य धड हातानें जगावें, एवढीच त्याची इच्छा होती.

त्यानंतर आठ वर्षांनीं, १९७४ सालीं, याच संघाचे डॉक्टर फ्रँक जोब यांनीं टॉमी जॉन या गोलंदाजाच्या निकामी झालेल्या कोपरांत दुसऱ्या हातांतील स्नायुरज्जू बसविला. जॉन १९७६ सालीं परतला आणि १९८९ पर्यंत खेळला. कोफॅक्सच्या विकारावर हा उपाय चालला असता असें नाहीं. पण तुटलेला बाहु पुन्हां जोडतां येतो, हें जगास कळलें.

आणखी एक गोष्ट मनन करण्याजोगी आहे. या संघाचा सर्वाधिक बळींचा विक्रम दीर्घकाळ डॉन सटनच्या नांवावर होता. संख्या २,६९६, परंतु एकाही वर्षीं तो लीगमध्यें अव्वल आला नव्हता. नियमितपणा हेंच त्याचें भांडवल. २०२२ सालीं क्लेटन कर्शॉनें त्याला मागें टाकलें, २०२५ सालीं तीन हजारांचा टप्पा गांठला, आणि त्याच मोसमाअखेर, पाठीचीं आणि खांद्याचीं दुखणीं सोसून, निवृत्ति घेतली.

आज टॉमी जॉनच्या नांवाची ती शस्त्रक्रिया अमेरिकेंत शाळकरी मुलांवरही होते. वैद्यकाच्या या सिद्धीबद्दल अभिमान वाटतो, पण त्याबरोबर मन शंकितही होतें. दुरुस्ती शक्य झाली कीं मोडण्याची भीति जाते, आणि आईबाप व शिक्षक मुलाच्या कोंवळ्या हाताकडून अधिकच मागूं लागतात. मैदानाच्या कडेला उभे राहून आपणही आपल्या मुलांना 'आणखी जोरांत' म्हणून ओरडतों. अशा वेळीं शेरीचा सल्ला आणि कोफॅक्सचा निरोप, दोन्हीं आठवावींत. बळी मोजणारे पुष्कळ असतात. बाहु मात्र ज्याचा त्यालाच जन्मभर वागवावा लागतो.