साबुदाणा घरीच ठेवा

1295, माघ वद्य चतुर्दशी, औंढा नागनाथ

फराळाची पिशवी घरीच ठेवा. तुम्ही निघालात 1295 सालच्या महाशिवरात्रीला, आणि त्या साली साबुदाणा नाही. ज्या कंदापासून तो करतात तो कंद अजून दक्षिण अमेरिकेच्या मातीत आहे. बटाटा, शेंगदाणा, रताळं, हिरवी मिरची हे सगळं समुद्रापलीकडेच. आज आपण ‘अस्सल उपवासाचं’ म्हणून जे ताट वाढतो, त्यातलं बरंचसं पोर्तुगीज जहाजं आल्यानंतरचं. इथे तुमच्या पानात पडेल ती भगर, शिंगाडा, केळं, दूध-दही. जिभेला तिखट हवंच असेल तर मिरं आहे, पण ते महाग.

अंगावर धोतर आणि उपरणं, किंवा साधं लुगडं. शिवलेलं काही चालणारच नाही असं नाही. गावोगावी शिंपी आहेत, आणि एका शिंप्याच्या मुलाशी पुढे आपली गाठही पडायची आहे. पण चेन, प्लॅस्टिकची बटणं, चष्मा हे काढून ठेवा.

पळस नुकता पेटलाय. बैलगाड्यांच्या चाकोरीतून चालत राहा, गर्दीच तुम्हाला देवळापर्यंत नेईल. राज्य देवगिरीच्या रामदेवरायाचं. पाच वर्षांपूर्वी नेवाशाला ज्ञानेश्वरी सांगून झाली आहे. पुढच्या वर्षी अलाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून येईल. इतक्या माणसांत ते फक्त तुम्हालाच ठाऊक आहे. गप्प बसा. शेजारून चालणारी म्हातारी विचारेल, “कवण गावीचे?” तिला लांबच्या कुठल्याही गावाचं नाव चालेल. आजच्या दिवशी इथे सगळेच लांबून आलेले.

देवळाशी पोचलात की आत घुसायची घाई करू नका. बाहेरून एक फेरी मारा. नंतरच्या काळात चुना-विटांनी उभं राहिलेलं, आपल्या ओळखीचं शिखर अजून नाही. जे आहे ते दगडाचं. नटराजाच्या बोटांवरून बोट फिरवा. सातशे वर्षांनी झिजून गुळगुळीत होणाऱ्या कडा आत्ता बोचतात. खालच्या थरात हत्तींची रांग आहे. आजूबाजूची पोरं ते हत्ती मोजतायत आणि दर वेळी आकडा चुकतो म्हणून भांडतायत.

आता आत चला. इथला नागनाथ सभामंडपाच्या पातळीवर बसलेला नाही, तो खाली भुयारात आहे. दगडी चौकटीतून अरुंद पायऱ्या उतरतात. आधी पाय टाका, मग कंबर वाकवा, शेवटी मान. छत इतकं खाली येतं की राजा असो की गुराखी, वाकल्याशिवाय कुणाची सुटका नाही. वर येणाऱ्याचा खांदा तुमच्या छातीला घासतो. खाली ओल आहे, बेलाच्या चुरगळलेल्या पानांचा कडवट वास आहे, तेलाच्या दिव्यांनी काळवंडलेला दगड आहे. उभं राहता येत नाही. लिंगाभोवती उकिडवं बसायचं, पाणी घालायचं आणि मागच्याचं ढोपर पाठीत लागलं की उठायचं. दर्शन म्हणावं तर एवढंच.

बारा ज्योतिर्लिंगांतलं नागेश ते हेच, असं महाराष्ट्र मानतो. गुजरातेत द्वारकेजवळचे लोक आपल्या नागेश्वराकडे बोट दाखवतात, हिमालयात अल्मोड्याजवळचे जागेश्वराकडे. हा वाद तुम्ही इथे काढू नका. भुयारात वाद घालायला जागाच नाही.

वर आलात की देवळाच्या मागच्या बाजूला या. नंदी इथे आहे, समोर नाही. याची गोष्ट लोक आणखी कित्येक शतकं सांगणार आहेत. नामदेव देवळासमोर कीर्तनाला उभा राहिला, तिथून त्याला हाकललं, तो मागे जाऊन गाऊ लागला आणि देऊळच त्याच्याकडे वळलं. हा नामदेव इथल्याच नर्सीचा, दामाशेटी शिंप्याचा पोरगा, या साली पंचविशीत. त्याला गुरूही याच देवळात भेटले. लिंगावर पाय टाकून निजलेल्या विसोबा खेचरांना त्याने पाय उचलायला सांगितलं. जिथे देव नसेल तिथे तूच ते ठेव, असं उत्तर आलं, आणि पाय जिकडे न्यावे तिकडे लिंग उगवू लागलं.

या गोष्टीतला एक तपशील लक्षात ठेवा. लांबून आलेल्या यात्रेकरूला भुयारात सामावून घेणाऱ्या देवळाने, कथेत तरी, घरच्या पोराला मागच्या दाराला पाठवलं. तो पुढे तीर्थयात्रा करत उत्तरेला गेला, थेट पंजाबात.

1902, आश्विन शुद्ध दशमी, हिंगोली

आता सहाशे सात वर्षं ओलांडा. ही खेप थोडी सोयीची आहे. मनमाडहून हैदराबादकडे जाणारी नवी मीटरगेज गाडी पकडा आणि पूर्णेला उतरा. पुढे हिंगोलीपर्यंत रूळ यायला 1912 उजाडेल, त्यामुळे उरलेली सुमारे 80 किलोमीटर बैलगाडीने, वाटेत मुक्काम करत. गाडीवाल्याशी बोलताना 1899-1900 च्या दुष्काळाचा विषय निघाला तर ऐकून घ्या. ज्यांची गुरं त्यात गेली ती माणसं यंदाच्या पावसावर खूश आहेत, पण अजून मोठ्याने हसत नाहीत.

खिशात दोन प्रकारचे रुपये ठेवा. मुलूख निजामाचा, म्हणून बाजारात हाली शिक्का चालतो. पण हिंगोली ही हैदराबाद कंटिंजंटची छावणी. इथल्या शिपायांवर इंग्रज अधिकारी आहेत, म्हणून कलदारही चालतो. कलदाराचं मोल जास्त. सराफ कट्ट्यावर बसून दोन्ही पारखतो आणि बदलून देताना बट्टा कापतो. तुम्ही बाहेरचे दिसलात की थोडा जास्त कापतो. तो तक्रारीचा विषय नाही, जत्रेचा कर समजा.

ही छावणी निजामाच्या राज्यातलं बेटच आहे, चारी बाजूंनी पाण्याऐवजी ज्वारी आणि कापूस. रिसाला, तोफखाना, पलटन, सदर बाजार, पेन्शनपुरा. ही नावं नीट ऐकून ठेवा, पलटणी गेल्या तरी ती जायची नाहीत. पेन्शनपुऱ्यात ज्यांनी घरं बांधली त्यातल्या कित्येकांचे बाप-आजे अवधातून, गंगाकाठच्या गावांतून भरती होऊन आले. गाव त्यांना परदेशी म्हणतं आणि त्यांच्याच ओट्यावर बसून चिलीम ओढतं.

सकाळी रिसाल्याकडे जा. घोड्यांना आंघोळ घातलीय, कपाळाला शेंदूर लावलाय, गळ्यात झेंडूच्या माळा आहेत. एक घोडा शेजारच्याची माळ खातोय आणि स्वार त्याला शिव्या देतोय, पण हलक्या आवाजात, कारण आज घोड्याची पूजा आहे. तलवारी, भाले, बंदुका ओळीने मांडल्यात. त्यावर हळद-कुंकू वाहणाऱ्या हातांत मराठी आहेत, राजपूत आहेत, आणि शेजारी अदबीने उभे राहिलेले मुसलमान शिपाईही आहेत.

संध्याकाळी मैदानात या. बैराग्यांच्या खाकीबाबा मठाची परंपरा सांगते, की इथला दसरा 1855 मध्ये मठाने सुरू केला. म्हणजे तो जेमतेम दोन पिढ्यांचा आहे. मराठवाड्यातल्या जुन्या दसऱ्यात सीमोल्लंघन असतं, आपट्याचं सोनं असतं, शमीची पूजा असते. रामलीला आणि रावणदहन हा उत्तरेचा रिवाज. तो इथे बैराग्यांच्या आणि पुरबिया शिपायांच्या पाठोपाठ आला. तुमच्या शेजारी डोक्याला मुंडासं बांधलेला कळमनुरीकडचा शेतकरी बसलाय. हनुमान बोलतोय ती अवधी भाषा त्याला अर्धी कळते. उरलेली अर्धी त्याचा पोरगा छावणीतल्या पोरांबरोबर खेळून शिकलाय, तो कानात सांगतो. रावण पेटला की मात्र कुणालाच काही सांगावं लागत नाही. बांबू तडतडतात, ठिणग्या वाऱ्यावर येतात, बाया पदर सावरत मागे सरतात आणि मग सगळे एकमेकांच्या हातात आपट्याची पानं ठेवायला लागतात. दोन मुलखांचे दोन दसरे एकाच मैदानात, एकाच रात्री.

परतताना पाकीट सांभाळा. ठगांवरची ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही मेडोज टेलरची कादंबरी 1839 ची. तिच्या प्रस्तावनेत तो सांगतो, की हिंगोलीच्या छावणीत हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित व्यापारी होता, साहेब लोक त्याच्याशी व्यवहार करत, आणि तोच त्या भागातल्या ठगांचा म्होरक्या निघाला. बाहेरून येणारा प्रत्येकजण रामलीलाच घेऊन येतो असं नाही.

आणखी एक गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे आणि यांना नाही. महिन्याभरात, नोव्हेंबर 1902 मध्ये, पैनगंगेपलीकडचा वऱ्हाड निजाम इंग्रजांना कायमच्या पट्ट्याने देईल. 1903 मध्ये कंटिंजंट हिंदुस्थानी फौजेत विलीन होईल, तिच्या पायदळ पलटणींना 94 ते 99 असे नवे क्रमांक मिळतील आणि हिंगोलीची छावणी मोडेल. ज्यांच्यासाठी हा दसरा मोठा झाला ते निघून जातील. दसरा मात्र राहील आणि वाढेल. पाळणे येतील, मौत का कुआँ येईल, प्रदर्शन भरेल, रावण पन्नास फुटांच्या वर जाईल, आणि म्हैसूरनंतर आमचाच, असं हिंगोलीकर छाती पुढे काढून सांगतील.

यंदा, आषाढ वद्य एकादशी, नर्सी

तिसऱ्या खेपेला काळ ओलांडायचा नाही. हिंगोलीला उतरा, आता ब्रॉडगेजने. तिथून पंधरा-वीस किलोमीटरवर, कयाधूच्या काठी नर्सी. जिल्हा 1 मे 1999 ला परभणीतून वेगळा झाला. दोन्ही बाजूंना सोयाबीन, तूर आणि मधूनच हळदीची रुंद पानं. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ती शिजवताना, वाळवताना बघायची असेल तर मात्र उन्हाळ्याच्या तोंडावर पुन्हा यावं लागेल.

आषाढी होऊन पंधरा दिवस झालेत. पंढरपूर गाठून माघारी निघालेल्या वारकऱ्यांची इथे परतवारी. जाताना पाय ओढीने चालतात, येताना ते दुखतात हे कळतं. देवळाच्या आवारात एक बाई टाचेला खोबरेल चोळतेय, तिची नात मोबाइलवर पंढरपूरचे फोटो शेजारणीला दाखवतेय. चिखल घोट्यापर्यंत. रांग नदीच्या दिशेने वळत गेलेली. कडेला साबुदाण्याच्या खिचडीची कढई, वर हिरवी मिरची आणि दाण्याचं कूट. इथे खुशाल खा, आता ती आपलीच आहे.

“कुठून आलाव, मामा?” केळीवाला विचारेल. उत्तर देण्याआधी तुमच्या मागून कुणीतरी पंजाबीत बोलेल. वळून बघा. निळी पगडी, पांढरी दाढी, हातात रुमालाने झाकलेलं पूजेचं ताट. सचखंड एक्सप्रेसने अमृतसरहून नांदेडला आलेले यात्रेकरू तिथून गाडी करून नर्सीला येतात. गुरू ग्रंथ साहिबात नामदेवांची 61 पदं आहेत. पंजाबात घुमान इथे त्यांच्या नावाने गुरुद्वारा आहे, माघात जत्रा भरते, आणि 2015 मध्ये मराठी साहित्य संमेलनही तिथे भरलं. इकडे नर्सीतही गुरुद्वारा उभा आहे. ज्याला गोष्टीतल्या औंढ्याने मागच्या दाराला पाठवलं, त्याचा पत्ता विचारत लोक आता हजार मैलांवरून येतात. शीख बाबाजी आणि टाळकरी आजोबा एकाच रांगेत आहेत. दोघांना एकमेकांचं बोलणं फारसं कळत नाही, पण ‘नामदेव’ एवढं कळतं आणि रांग पुढे सरकायला ते पुरतं.

तिन्ही जत्रा पाहून झाल्यावर एक हिशेब मांडा. औंढ्याचं भुयार लांबून येणाऱ्यांनी भरतं, आणि देवळाच्या जीर्णोद्धारात नाव घेतलं जातं ते अहिल्याबाई होळकरांचं. हिंगोलीचा दसरा बैराग्यांचा आणि पलटणींचा. नर्सीची परतवारी पंढरपूरहून वळून येणाऱ्यांची, आणि तिची कीर्ती पंजाबात गेलेल्या एकाची. ‘इथलं, आपलं, परंपरेचं’ म्हणून जे आपण जपतो ते आलेल्यांनी आणणं आणि गेलेल्यांनी नेणं यातूनच तयार झालं. गावाने काय केलं? गावाने जागा दिली, पाणी दिलं, भाव थोडे चढे लावले आणि आलेलं सगळं ठेवून घेतलं. हेही काही लहान काम नाही.

म्हणून गर्दी टाळून, आडदिवशी जा, हा प्रवासाच्या पानांवरचा ठरलेला सल्ला हिंगोली जिल्ह्यापुरता मानू नका. शिल्पं निवांत बघायची असतील तर आडदिवस ठीक आहे. पण इथलं खरं बघण्यासारखं आहे ते ही गर्दीच. महाशिवरात्रीला औंढ्याला या आणि जमलं तर नंतरच्या रथोत्सवापर्यंत थांबा. दसऱ्याला हिंगोलीत दोन रात्री काढा. परतवारीला छत्री आणि जुनी चप्पल घेऊन नर्सी गाठा. मुक्काम करा, गावात जेवा, चार पैसे गावात सोडा. या जत्रांना परकी माणसं नेहमीच लागत आली आहेत, आणि यंदा ती जागा तुमची आहे.