बर्फाचे लग्न, हौशी कात्री

मंडळी, 'फ्रोझन'मधल्या एल्साचे लग्न 'राइज ऑफ द गार्डियन्स'मधल्या जॅक फ्रॉस्टशी झाले, हे तुम्हाला ठाऊक आहे का? चित्रपटात नाही हो, यूट्यूबवर! जॅक आला २०१२ साली ड्रीमवर्क्सकडून, एल्सा २०१३ साली डिस्नेकडून. दोन्ही घराणी एकमेकांची स्पर्धक. पण दोघेही बर्फ पाडतात, एवढ्या एकाच गुणावर चाहत्यांनी पत्रिका जुळवली, 'जेल्सा' असे जोडनाव ठेवले आणि दोन चित्रपटांचे तुकडे जोडून त्यांचा संसार थाटून दिला. असे व्हिडिओ मी पुष्कळ पाहिले. हसता हसता पुरेवाट झाली.

त्यांचा साचा ठरलेला. एल्सा भिंतीकडे बघून लाजते, जॅक ढगाकडे बघून हसतो. आपण समजायचे की नजरानजर झाली. रंग जुळावेत म्हणून सगळे निळ्यात बुडवलेले, जणू नीळ सांडली आहे. ओठ एक बोलतात, ऐकू येते तिसऱ्याच चित्रपटातले वाक्य. एकाला कापून दुसऱ्याच्या शेजारी चिकटवताना अर्धा कान कात्रीत गेलेला. दार आपटण्याचे एकच दृश्य चार वेळा. मागे रडके इंग्रजी गाणे, आणि शेवटी दोघांपैकी एकाचा मृत्यू हमखास!

या उद्योगाला इतिहास आहे बरे का. जिम कापोस्टास नावाच्या अमेरिकन तरुणाने १९८२ साली दोन व्हीसीआर जोडून 'स्टार ब्लेझर्स' या जपानी मालिकेच्या अमेरिकी अवतारातली मारामारीची दृश्ये बीटल्सच्या प्रेमगीतावर बसवली. हेतू थट्टेचाच होता. जपानी कार्टूनवरच्या अशा व्हिडिओंची परंपरा तिथून सुरू झाली असे मानतात. पुढे २००० साली विंडोज मी बरोबर मूव्ही मेकर घरोघरी आला, २००५ साली यूट्यूब आले, आणि कात्री शाळकरी मुलांच्या हाती गेली.

आता ती भिंतीकडे बघून लाजण्याची युक्ती. तीही मुलांनी शोधलेली नाही. रशियन दिग्दर्शक लेव कुलेशॉव्ह यांनी शंभरेक वर्षांपूर्वी एका नटाचा तोच निर्विकार चेहरा सूपची बशी, शवपेटी आणि एक स्त्री यांच्या दृश्यांना जोडला. प्रेक्षकांना त्यात भूक, दुःख आणि अभिलाषा दिसली, अशी ती प्रसिद्ध कथा. दोन दृश्ये शेजारी ठेवली की मधला अर्थ आपणच भरतो. जेल्सा चालते ती याच भांडवलावर.

आणि उसनवारीला हसायचे तर आधी डिस्नेलाच हसावे लागेल. त्यांच्या १९७३च्या 'रॉबिन हूड'मधल्या नाचाच्या हालचाली 'स्नो व्हाइट' आणि 'जंगल बुक' या त्यांच्याच जुन्या चित्रपटांवरून गिरवलेल्या आहेत. एल्साचे मूळ हान्स अँडरसनच्या १८४४च्या हिमराणीच्या गोष्टीत आहे. जॅक तर इंग्रजी लोककथेतला, आणि त्याच्या चित्रपटात सांताक्लॉज, ईस्टरचा ससा आणि दातपरी यांची मोट बांधलेली आहे. म्हणजे तो चित्रपटच भेसळीचा! कंपनीने केली की कल्पकता, पोराने केली की चोरी?

हा प्रश्न नुसता थट्टेचा नाही. यूट्यूबने २००७ साली कंटेंट आयडी नावाची यंत्रणा आणली. चढवलेला प्रत्येक व्हिडिओ ती मालकांनी दिलेल्या नमुन्यांशी ताडून पाहते. जुळला तर मालक तो बंद करू शकतो किंवा जाहिरातीचे पैसे स्वतः घेऊ शकतो. मालकाचा हक्क मला मान्य आहे. चित्रपट काढायला पैसा लागतो. पण व्हिडिओ बंद झाला की कोणा मुलीची सुट्टीभराची मेहनत जाते, आणि ती कुठल्याच संग्रहालयात उरत नाही.

आमच्याकडे देवळाच्या उत्सवात हौशी नाटक होते, तेव्हा प्रॉम्प्टरचा आवाज नटाच्या आधी मागच्या रांगेपर्यंत पोचतो. आपण खुदकन हसतो, पण पडदा पडेपर्यंत जागचे हलत नाही. मला वाटते, जेल्साचेही तसेच. अर्धा कान कापलेल्या जॅकला मी हसणारच. फक्त त्याचा खेळ मध्येच बंद पडू नये, एवढेच.