उजेड मावेना म्हणून : एचडीआरची कुळकथा

वालचंदनगरच्या उसाच्या पट्ट्यातून उत्तरेला भीमेकडे निघालं की उजनीचा फुगवटा लागतो. पळसदेवचं जुनं पळसनाथाचं देऊळ याच पाण्यात बुडालं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की ते उघडं पडतं आणि कॅमेरे घेतलेली मंडळी तिकडे वळतात. तिथे पहिली गाठ पडते ती उजेडाशी. आतले दगडी खांब नीट यावेत असं एक्स्पोजर धरलं, तर बाहेरचं पाणी आणि आकाश पांढरंफटक होतं. आकाश सांभाळलं, तर आत नुसता काळोख. आपली नजर खांबांवरून पाण्याकडे वळता वळता जुळवून घेते. कॅमेऱ्याला एका क्लिकमध्ये ते साधत नाही. हाय डायनॅमिक रेंज, म्हणजेच एचडीआर, या अडचणीतून आलं आणि त्याचं कूळ डिजिटल कॅमेऱ्याच्या फार आधीचं आहे.

१८५० च्या दशकात निगेटिव्हसाठी वापरल्या जाणाऱ्या, कलोडियनचा प्रकाशसंवेदी लेप दिलेल्या काचा निळ्या प्रकाशाने लगेच भरून जात. समुद्र नीट आला की आकाश कोरं राही. फ्रेंच छायाचित्रकार गुस्ताव ले ग्रे याने समुद्राची एक निगेटिव्ह आणि ढगांची दुसरी घेतली, क्षितिजाच्या रेषेवर दोन्ही जुळवल्या आणि एकच प्रिंट काढली. पुढे विसाव्या शतकात चार्ल्स वायकॉफ याने अणुस्फोट टिपण्यासाठी वेगवेगळ्या संवेदनशीलतेचे तीन थर असलेली फिल्म बनवली.

या जोडकामाला गणित मिळालं ते १९९० च्या दशकात. १९९५ मध्ये स्टीव्ह मान आणि रोझलिंड पिकार्ड यांनी, तर १९९७ मध्ये पॉल डेबेवेक आणि जितेंद्र मलिक यांनी कमी-जास्त एक्स्पोजरच्या फोटोंवरून दृश्यातला खरा उजेड मोजायची रीत मांडली. त्यातून पुढची अडचण आली : मोजलेला एवढा उजेड साध्या पडद्यावर किंवा कागदावर मावणार कसा? तो दाबून बसवण्याच्या कामाला टोन मॅपिंग म्हणतात. हे काम हावरेपणाने केलं की देवळाच्या कडेला पांढरी झालर उठते आणि ढग काजळी धरल्यासारखे दिसतात. एचडीआर बदनाम झालं ते या भडकपणापायी.

पवईच्या आयआयटी मुंबईत षण्मुगनाथन रामन आणि सुभाशिस चौधुरी यांनी २००९ मध्ये जवळची वाट दाखवली. उजेडाचा पूर्ण नकाशा न बांधता, कॅमेऱ्याचं सेटिंग माहीत नसतानाही, निरनिराळ्या एक्स्पोजरचे फोटो थेट एकत्र करायचे.

पळसदेवला आजही हेच करता येतं. ट्रायपॉड लावायचा, आयएसओ आणि अॅपर्चर कायम ठेवायचं, फक्त शटर बदलत दोन स्टॉप अंडर, एक नॉर्मल, दोन स्टॉप ओव्हर असे तीन फोटो रॉमध्ये घ्यायचे आणि संगणकावर मर्ज करायचे. देऊळ जागचं हलत नाही, पण लाटा हलतात, पक्षी उडतात. जवळच्या भिगवणला रोहित पक्ष्यांचा थवा उठला, तर तीन फोटोंत तो तीन जागी असतो आणि जोडलेल्या चित्रात त्याची भुतं उमटतात.

यावरचा तोडगा मोबाइलने लोकांच्या हाती दिला. आयफोनमध्ये एचडीआर २०१० साली आलं. २०१३ मध्ये गुगलच्या एचडीआर प्लसने वेगळा मार्ग धरला : सगळे फोटो सारख्याच, कमी एक्स्पोजरचे, भराभर घ्यायचे. त्यामुळे आकाश जळत नाही. मग ते एकावर एक नेमके बसवून सरासरी काढली की सावलीतले दाणे विरतात. जे हललं असेल, तिथे जोड सैल सोडायची.

२०२३ मध्ये अँड्रॉइड १४ सोबत अल्ट्रा एचडीआर आलं. नेहमीच्या जेपेगमध्येच कुठे किती जादा उजेड द्यायचा याचा नकाशा साठवला जातो आणि एचडीआर पडदा त्या जागा खरोखर जास्त उजळ दाखवतो. ले ग्रेपासून प्रत्येकाला मोठा उजेड लहान जागेत बसवावा लागत होता. आता जागाच वाढू लागली आहे. म्हणून एडिट करताना सावल्यांचा स्लायडर टोकापर्यंत नेऊ नये. पळसनाथाच्या मंडपात काळोख आहे, तो फोटोतही काळोख म्हणून यावा आणि बाहेरचं पाणी तेवढं तळपावं. एचडीआरचा जन्म त्यासाठीच झाला.